ओटीत शिरलं की शिंका, फुगा फुगवला की ओठ सुजले

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झाल्यापासून नऊ वर्षं इथेच काम करते. हातांना खाज आणि भेगा पहिल्यापासूनच आहेत. स्किनच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं की बरं वाटतं, ड्युटी सुरू झाली की पुन्हा तेच. गेल्या वर्षभरापासून ओटीत शिरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत शिंका सुरू होतात, डोळे खाजतात, नाक गळतं. दोन-तीनदा छाती आवळून शिट्टीसारखा आवाजही आला. सुट्टीच्या दिवशी यातलं काही नसतं. मागच्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसाला फुगे फुगवले तर ओठ सुजले, गळ्यावर गांधी उठल्या. सासूबाई म्हणाल्या पित्त आहे, गेरू लाव. उपासाला केळं खाल्लं तरी हल्ली तोंडात चुरचुरतं. मला सहावा महिना आहे. पहिलं सिझर झालंय, दुसरंही आमच्याच हॉस्पिटलात करायचं ठरलंय. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, नऊ वर्षं काही झालं नाही आणि आत्ताच कसं झालं? सरांना सांगायची भीती वाटते. दिवस राहिले म्हणून टाळाटाळ करते, असं लोक म्हणतील. सध्या मी ड्युटीआधी सेट्रिझिन घेते आणि ग्लोव्हजच्या आत सुती हातमोजे घालते. एवढं पुरेल ना? की ओटी सोडावी लागेल?

— एक ओटी सिस्टर, सातारा जिल्हा

उत्तर:

सिस्टर, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. नाही, एवढं पुरणार नाही. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून कुठल्याही भूलतज्ज्ञाच्या मनात पहिली शंका येईल ती नैसर्गिक रबराच्या, म्हणजे लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीची. तपासणीने ती खोटी ठरेपर्यंत ती आहे असंच धरून चाला. उद्याच सरांना सांगा, आणि पावडरचे ग्लोव्हज वापरात आहेत तोवर त्या ओटीत पाऊल टाकू नका. ओटी कायमची सोडायची का, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवू. त्याआधी तुम्हाला त्याच ओटीत टेबलावर झोपायचंय, आणि मला खरी काळजी त्या दिवसाची आहे.

तुमच्या हातांची गोष्ट आणि तुमच्या शिंकांची गोष्ट बहुतेक एकच नाही. ग्लोव्हजमुळे तीन वेगवेगळे त्रास होतात आणि तिन्हींना सगळे सरसकट 'अ‍ॅलर्जी' म्हणून मोकळे होतात. पहिला त्रास नुसत्या जळजळीचा. दिवसातून वीसदा हात धुणं, ओल्या हातांवर ग्लोव्ह चढवणं, आत घाम, वर स्क्रबचं औषध. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. ही अ‍ॅलर्जी नव्हे. दुसरा त्रास रबरात घातलेल्या रसायनांचा. रबर पक्कं आणि लवचीक व्हावं म्हणून थायुरॅम, कार्बामेट अशी रसायनं वापरतात. त्यांची अ‍ॅलर्जी असेल तर एक-दोन दिवसांनी हातांवर लाल, खाजरं, पाणी सुटणारं पुरळ येतं. त्रासदायक असतं, पण त्याने जीव जात नाही. तिसरा प्रकार रबराच्या झाडाच्या चिकातल्या प्रथिनांचा. शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडं तयार करतं, आणि मग संपर्क आल्यावर काही मिनिटांतच गांधी, शिंका, दमा, नाहीतर थेट अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर पसरणारी जीवघेणी रिअ‍ॅक्शन. तुमच्या भेगा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातल्या असाव्यात. शिंका, छातीतली शिट्टी आणि फुग्याने सुजलेले ओठ मात्र तिसऱ्यातले आहेत.

हे एकमेकांत अडकलेलंही असतं. भेगाळलेली कातडी म्हणजे चिकातल्या प्रथिनांना आत शिरायला उघडी वाट. वर्षानुवर्षं मलम लावून तुम्ही भेगा झाकल्यात, पण ज्यामुळे त्या पडत होत्या ते चालूच राहिलं. एक सांगून ठेवते. व्हॅसलिनसारखं तेलकट मलम लावून त्यावर लॅटेक्सचा ग्लोव्ह चढवला तर रबर खराब होतं आणि ग्लोव्हचं संरक्षणही जातं. मलम लावायचं ते ड्युटी संपल्यावर.

इन्चार्ज सिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर आहे. ही अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होतच नाही. ती तयार व्हायला पुन्हा पुन्हा संपर्क लागतो, कधी काही महिने, कधी कितीतरी वर्षं. नऊ वर्षं काही झालं नाही, हा अ‍ॅलर्जी नसल्याचा पुरावा नाही. ती नऊ वर्षंच तिचं कारण आहेत. म्हणूनच हा आजार सगळ्यांत जास्त दिसतो तो ग्लोव्हज रोज वापरणाऱ्यांत, आणि ज्यांच्या लहानपणापासून बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्यात त्यांच्यात. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषाची, स्पायना बिफिडाची मुलं यात सर्वांत पुढे, कारण त्यांना वारंवार ऑपरेशनं आणि रोजचे कॅथेटर.

आता सुती हातमोज्यांबद्दल. त्यांनी तुमच्या कातडीला आराम पडेल, नाकाला नाही. तुमच्या ओटीत सकाळी काय चालतं ते मी न बघता सांगू शकते. पाकीट फाडलं, ग्लोव्ह झटकला, मनगटावर फट्कन आवाज आला आणि दिव्याच्या उजेडात पांढरी धूळ तरंगली. काही ठिकाणी तर अजून वापरलेले ग्लोव्हज मावशी धुतात, दोरीवर वाळत घालतात, फुंकर मारून भोक आहे का बघतात, जोड्या लावतात, परातीत पावडर घेऊन आतून-बाहेरून चोळतात आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायला, देतात. ही पावडर म्हणजे बहुधा मक्याचं पीठ. लॅटेक्समधली प्रथिनं तिच्या कणांना चिकटतात आणि कण हवेत उडाले की श्वासावाटे आत जातात. तुम्ही ग्लोव्ह घाला वा नका घालू, शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरने पावडरचा ग्लोव्ह चढवला की तुमच्या वाट्याचं तुम्हाला मिळतंच. तुमच्या हातातला ग्लोव्ह बदलून निम्मंसुद्धा काम होत नाही. शेजारणीच्या हातातला बदलायला हवा.

जाता जाता एक गंमत सांगते. ऑपरेशनच्या खोलीत रबरी ग्लोव्हज आले तेच मुळी एका सिस्टरच्या हातांसाठी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम हाल्स्टेड यांच्या ओटीत कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या सिस्टर होत्या. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने त्यांच्या हातांची सालं निघायला लागली. १८८९-९० च्या सुमाराला हाल्स्टेडनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी ग्लोव्हज बनवून घेतले. पुढे दोघांनी लग्न केलं. पेशंटला जंतूंपासून वाचवायचा विचार ग्लोव्हजच्या बाबतीत नंतर आला. तेव्हा 'एका सिस्टरच्या हातांसाठी एवढं कुठे करत बसायचं' असं कोणी म्हणालं, तर हा किस्सा सांगायला हरकत नाही.

अ‍ॅलर्जीचा हा आजार जगात मोठ्या प्रमाणावर दिसायला लागला तो एड्सच्या भीतीनंतर. १९८७ मध्ये अमेरिकेत प्रत्येक पेशंटच्या रक्ताला संसर्गजन्य मानून काळजी घ्यायच्या सूचना निघाल्या, ग्लोव्हजची मागणी एकदम भडकली, आणि पाठोपाठ डॉक्टर-सिस्टरांना दमा आणि गांधी व्हायला लागल्या. पेशंटही दगावले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय वस्तूंवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, लॅटेक्स असलेल्या वैद्यकीय वस्तूंबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. जर्मनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी कामाच्या जागी पावडरवाले लॅटेक्स ग्लोव्हज बंद केले आणि तिथे नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने खाली आली. एफडीएने १८ जानेवारी २०१७ पासून पावडरच्या ग्लोव्हजवर सरळ बंदीच घातली. जर्मनीने काय केलं ते नीट बघा, कारण तुमच्या सरांशी बोलताना हाच मुद्दा कामाला येणार आहे. त्यांनी लॅटेक्स हद्दपार केलं नाही. पावडर काढली आणि ग्लोव्हजमधली प्रथिनं कमी करायला लावली, तेवढ्याने फरक पडला.

केळ्याचं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, मी मात्र तिथे थांबले. केळं, किवी, अ‍ॅव्होकॅडो अशा काही फळांतली प्रथिनं लॅटेक्समधल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी साधारण तीस ते पन्नास टक्के लोकांना अशा एखाद्या फळाचा त्रास होतो. पपईबद्दलही हे नोंदलेलं आहे. म्हणून सगळी फळं सोडून उपाशी बसू नका, बाळाच्या वाढीचे दिवस आहेत. ज्याने तोंडात चुरचुरतं तेवढंच टाळायचं. केळं बंद करा, बाकीचं त्रास होत नसेल तर खा.

सासूबाईंच्या गेरूचा राग मला नाही, गेरूने अपाय काही होत नाही. पण गांधी उठल्या आणि सोबत ओठ सुजले, आवाज बदलला, दम लागला किंवा चक्कर आली, तर ते पित्त नव्हे. ते घरात कळायला हवं, कारण त्या वेळी तुम्हाला दवाखान्यात न्यायचा निर्णय बहुतेक त्याच घेणार आहेत.

तपासणीचं असं आहे. लॅटेक्सच्या आयजीईची रक्ततपासणी मोठ्या लॅब करतात. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून नमुना पुढे जातो. ती गरोदरपणात बिनधास्त करता येते. कातडीवर टोचून करायची प्रिक टेस्ट मात्र आत्ता नको. तीत क्वचित जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि पोटात बाळ असताना तो धोका घ्यायचं कारण नाही. हातावरच्या पुरळासाठी पॅच टेस्ट असते, तीही बाळंतपणानंतर बघू. रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर प्रश्न मिटला. निगेटिव्ह आला तर मात्र 'बघा, काही नाही' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ही तपासणी काही जणांत खरी अ‍ॅलर्जी असूनही निगेटिव्ह येते, आणि फुग्याने ओठ सुजल्याची हकिगत कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठी आहे. सिझर होईपर्यंत तुम्हाला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे असंच सगळ्यांनी वागायचं.

छातीतल्या शिट्टीसाठी छातीच्या डॉक्टरांना भेटा. पीक फ्लो मीटर नावाची साधी प्लॅस्टिकची नळी मिळते. ती घेऊन सकाळ-संध्याकाळ फुंका आणि आकडे तारखेसह वहीत लिहा, ओटी बंद केल्यानंतरचे आणि सुट्टीच्या दिवसांचेही. दमा कामामुळे होता का, हे त्या वहीतून दिसतं. पंप दिला तर घ्या. बाळाला पंपाचा त्रास होईल म्हणून तो लपवून ठेवणाऱ्या बऱ्याच जणी मी पाहिल्यात. बाळाला त्रास होतो तो आईला श्वास पुरत नाही तेव्हा.

सेट्रिझिनने शिंका आणि खाज कमी होते, अ‍ॅनाफिलॅक्सिस थांबत नाही. उलट एक वाईट गोष्ट होते. शरीर शिंकून, खाजवून जो पहिला इशारा देतं तोच बंद पडतो आणि तुम्ही त्या हवेत तासन् तास उभ्या राहता. गोळी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्या, पण ती घेऊन ओटीत जाण्याचा परवाना मिळत नाही.

आता सरांना सांगण्याबद्दल. तोंडी सांगू नका, म्हणजे तोंडी सांगाच, पण हातात अर्ज असू द्या. चार ओळी पुरेत. काय होतं, कधी होतं, सुट्टीला काय होतं, फुग्याने काय झालं, आणि तुमची मागणी काय. अर्जाची झेरॉक्स घ्या, आवक नोंदवून तारीख-सही घ्या. पुढेमागे नोकरीचा किंवा भरपाईचा विषय निघाला तर हाच कागद बोलतो. मागणी मोघम ठेवू नका. 'माझी काळजी घ्यावी' असं लिहिलं तर काही होणार नाही. 'ओटी आणि लेबर रूममधले पावडरवाले ग्लोव्हज बंद करून सर्वांसाठी पावडर-फ्री आणावेत. मला लॅटेक्स नसलेले सिंथेटिक ग्लोव्हज: नायट्राइल, आणि स्टराइल कामासाठी पॉलीआयसोप्रिन किंवा निओप्रिन. ते होईपर्यंत मला ओपीडीत किंवा रेकॉर्डला ड्युटी.' सीएसएसडीत (साहित्य निर्जंतुक करायच्या विभागात) बदली देतो म्हणाले तर नको म्हणा, ग्लोव्हज धुणं-पावडरणं तिथेच चालतं.

सर खर्चाचं बोलणार. सिंथेटिक सर्जिकल ग्लोव्हज लॅटेक्सपेक्षा कितीतरी महाग पडतात, हे खरंय. पण सगळ्यांना सिंथेटिक लागतच नाहीत. रोजच्या कामात बाकीच्यांनी पावडर-फ्री लॅटेक्स वापरले आणि फक्त तुम्ही सिंथेटिक, तर बहुतेकांना त्याच जागी काम करता येतं. आणि एक आतली गोष्ट सांगते. सर्जनला सिस्टरच्या नाकापेक्षा पेशंटच्या पोटाची काळजी जास्त वाटते, तो काही त्यांचा दोष नाही, धंदाच तसा आहे. तर पोटाचीच भाषा वापरा. ग्लोव्हजची पावडर पोटात राहिली की आतडी चिकटतात, गाठी होतात, जखमेला सूज येते. एफडीएच्या बंदीमागे अ‍ॅलर्जीइतकीच ही कारणं होती. हे ऐकल्यावर इंडेंट (खरेदीची मागणी) लवकर सुटतं असा माझा अनुभव आहे.

खरेदी होईल तेव्हा पाकीट तुम्ही स्वतः वाचा. 'पावडर-फ्री' म्हणजे लॅटेक्स नाही असं नव्हे. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' शब्दावर तर अजिबात जाऊ नका. तो रसायनांबद्दल असायचा, प्रथिनांबद्दल नाही, आणि अमेरिकेत तर लॅटेक्सच्या वस्तूंवर तो छापायला १९९८ पासून मनाई आहे. स्वस्त म्हणून व्हिनाइलचे आणले तर ते लवकर फाटतात, रक्ताच्या कामाला चालत नाहीत. आणि नायट्राइलमध्येही ती रसायनं असू शकतात. नायट्राइल घालूनही दोन दिवसांनी हातांवर पुरळ आलं तर घाबरू नका, तो वर सांगितलेला दुसरा प्रकार. अ‍ॅक्सिलरेटर-फ्री, म्हणजे ती रसायनं नसलेले, नायट्राइल मिळतात.

टाळाटाळीचा आरोप होईल तर होऊ द्या. बाळंतपणाची रजा कायद्याने २६ आठवडे आहे आणि त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. हे तुमचं दुसरं मूल, त्यामुळे २६ आठवडे पूर्ण लागू. ओपीडी ड्युटी मिळाली नाही तर रजा लवकर सुरू करायचा विचार करा.

आणि आता सिझर. हे मी जरा लांबवून लिहिणार आहे. तुम्ही स्वतः ओटी सिस्टर आहात, त्यामुळे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर येईल.

पहिलं म्हणजे, सातव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांना भेटा. आपल्याकडे भूल देणारे डॉक्टर बाहेरून येतात, बऱ्याचदा ऑपरेशनच्या अर्धा तास आधी गाडीतून उतरतात आणि पेशंट टेबलावरच पहिल्यांदा पाहतात. तुमच्या बाबतीत ते चालणार नाही. त्यांना फोन करून, भेटून, रिपोर्ट दाखवून सांगा. ते किंवा सर 'आमच्याकडे एवढी तयारी होणार नाही' म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. तो प्रामाणिकपणा आहे. मग जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे भूलतज्ज्ञ चोवीस तास आहे आणि आयसीयू आहे, अशा जागी नाव घाला. स्वतःच्या हॉस्पिटलात बिल माफ होतं म्हणून तिथेच करायचा हट्ट मी तरी धरणार नाही.

भूलतज्ज्ञांना भेटायची एवढी घाई का? कारण सिझरमध्ये लॅटेक्सची रिअ‍ॅक्शन आली तर ती ओळखू येत नाही. अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन इंजेक्शन गेल्यावर मिनिटांत दिसते. लॅटेक्सची बहुधा उशिरा, कधी अर्ध्या-पाऊण तासाने, ग्लोव्ह घातलेले हात पोटात फिरून झाल्यावर. तोपर्यंत अंगावर ड्रेप (निर्जंतुक चादरी), गांधी दिसणार कुठून? बीपी पडलं तर स्पायनलमुळे (पाठीतून दिलेल्या भुलीमुळे) पडलं म्हणतील, ऑक्सिटोसिनमुळे म्हणतील, रक्त गेलं म्हणतील, आणि ही सगळी कारणं खरीही असू शकतात. लॅटेक्स शेवटी आठवतं. फाइलवर लाल अक्षरात आधीच लिहिलेलं असेल तर पहिलं आठवेल.

त्या दिवशी रोजचा 'बाकीच्यांना पावडर-फ्री लॅटेक्स चालेल' हा हिशेब चालत नाही. तुमच्या अंगाला, जखमेला लॅटेक्स लागताच कामा नये. सर, असिस्टंट, बाळाचे डॉक्टर, मावशी, सगळ्यांचे ग्लोव्हज सिंथेटिक. लॅटेक्सचे खोके खोलीतून बाहेर. आदल्या रात्री ओल्या फडक्याने सगळं पुसलेलं, आणि सकाळची पहिली केस तुमची, म्हणजे हवेत धूळ कमीत कमी. गाऊन-ड्रेपचा ड्रम वेगळा लावायला सांगा, पावडरचे ग्लोव्हज ज्यात भरले होते तो नको. दारावर पाटी लावा, नाहीतर मध्येच कोणीतरी मदतीला धावत येतं, आणि हातात असतं तेच.

ग्लोव्हज सोडून बाकीच्या वस्तूंची यादी तुम्हीच जास्त चांगली कराल, मी फक्त हमखास विसरतात त्या सांगते. आपल्याकडची नेहमीची पिवळट फोलीज (लघवीची नळी) 'सिलिकॉन कोटेड' असते, आत लॅटेक्सच असतं. तुम्हाला पूर्ण सिलिकॉनची, पारदर्शक दिसणारी हवी. काही सलाइन सेटच्या टोकाला इंजेक्शन द्यायला पिवळा-तपकिरी रबरी फुगा असतो. तो सेट नको, थ्री-वे लावा. शीर शोधताना हाताला ग्लोव्ह बांधायची आपली सगळ्यांची सवय, ती तुमच्या हातावर कोणी वापरायची नाही. लाल रबरी कॅथेटर, कोरुगेटेड ड्रेन, मॅकिंटॉश (रबरी चादर), जुना काळा मास्क आणि काळी बॅग, इलॅस्टिक चिकटपट्टी, सगळं बाद. बीपीच्या कफखाली कापसाची पट्टी गुंडाळा. आतून तपासणी करताना ओपीडीतही सांगायचं, आणि योनीमार्गे सोनोग्राफी करायची वेळ आली तर प्रोबवर चढवतात तो निरोध लॅटेक्सचा असतो हे लक्षात ठेवा. औषधांच्या बाटल्यांची बुचं हल्ली बहुतेक ब्युटिल रबराची, म्हणजे सिंथेटिक असतात. त्यांच्यावरून फार जीव घाबरा करू नका.

यादीत नसतो तो एक धोका सांगते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तर आपल्याकडे कॅथेटरला निरोध बांधून, त्यात सलाइन भरून तो गर्भाशयात ठेवतात. बांगलादेशच्या डॉ. सायबा अख्तर यांनी रूढ केलेली ही पद्धत, तिने असंख्य बायकांचे जीव वाचवलेत आणि मी तिची चाहती आहे. पण तुमच्यासाठी तो निरोधही लॅटेक्स आणि बहुधा ते कॅथेटरही. सिलिकॉनचा बाकरी बलून, म्हणजे याच कामासाठी तयार मिळणारा फुगा, आधीच मागवून ठेवायला सांगा. ऐनवेळी तो तालुक्यात कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणार नाही.

आदल्या दिवशी अ‍ॅव्हिल आणि स्टिरॉइड देऊन ठेवू म्हणजे काळजी नको, असं कोणी सुचवेल. त्याने अ‍ॅनाफिलॅक्सिस टळत नाही. आणि रिअ‍ॅक्शन आलीच तर आपल्याकडे हात आधी जातो तो अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्ट या स्टिरॉइडकडे. सवयच आहे तशी. पहिलं औषध अ‍ॅड्रिनलिन. एक मिलिग्रॅमच्या अँप्युलमधलं अर्धं, म्हणजे ०.५ मिलि, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूने, स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. टेबलावर असताना भूलतज्ज्ञ शिरेतून मोजून थोडं थोडं देतील. पोटात बाळ असेल तरी डोस तोच, फक्त डाव्या कुशीला कलतं ठेवायचं, ऑक्सिजन आणि भराभर सलाइन. त्याचबरोबर जे लॅटेक्स अंगाला लागलं असेल ते काढायचं. नंतर काही तासांनी पुन्हा उसळू शकतं, म्हणून रात्रभर लक्ष हवं. शक्य असेल तर पहिल्या एक-दोन तासांत ट्रिप्टेजसाठी (अशा रिअ‍ॅक्शनमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ) रक्त घेऊन ठेवावं, कारण काय ते पुढे ठरवायला मदत होते.

घरासाठी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अ‍ॅड्रिनलिनच्या दोन अँप्युल, एक मिलिच्या सिरिंज आणि सुया एका डबीत ठेवा. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. पण तुम्ही सिस्टर आहात, अँप्युल फोडायला तुम्हाला शिकवायला नको. यजमानांना मात्र शिकवा, संत्र्यावर सराव करून घ्या. डबीवर एक्स्पायरीची तारीख मोठी लिहा. पर्समध्ये मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड: मला नैसर्गिक रबर लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे. दाताच्या डॉक्टरांनाही ते दाखवायचं.

घरातलं सगळं रबर फेकायला नको. धोका असतो तो बुडवून तयार केलेल्या पातळ, ताणल्या जाणाऱ्या वस्तूंचा: फुगे, ग्लोव्हज, निरोध. स्लीपर, टायर अशा कडक रबराने सहसा काही होत नाही. भिंतीच्या 'लॅटेक्स' रंगात झाडाचा चीक नसतो, तेव्हा घर रंगवायचं असेल तर खुशाल रंगवा. बाळंतपणानंतर निरोध वापरणार असाल तर पॉलीयुरेथेन किंवा पॉलीआयसोप्रिनचा घ्या, आणि तांबी बसवायला गेलात तर तिथेही ग्लोव्हजचं आधी सांगा. बाळासाठी बाटलीचं निपल घ्यायचंच झालं तर सिलिकॉनचं.

राहता राहिली ओटी. रजा संपेपर्यंत तुमच्या हॉस्पिटलने पावडर काढली असेल आणि पीक फ्लोची वही चांगली बोलत असेल, तर छातीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सिंथेटिक ग्लोव्हज घालून परत जाता येईल. तुमच्यासारख्या कितीतरी जणी जातात. पहिले काही आठवडे ड्युटीच्या दिवशीचे आकडे पुन्हा लिहा. आकडे घसरले तर त्याच आठवड्यात ओटी बंद करून दुसरीकडे ड्युटी मागा, महिनाअखेरची वाट बघू नका. पावडर काढलीच नसेल तर नऊ वर्षांच्या ओटीच्या अनुभवाला विचारणारी दुसरी हॉस्पिटलं सातारा-कराडकडे आहेत. मुलाखतीला गेलात की पगाराच्या आधी ग्लोव्हज कुठले वापरता ते विचारा.